तळाची चौथी ओळ

१

आमच्याकडे एल्मस्टोकला टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, ऐन न्याहारीच्या वेळी. वडील आपली पत्रं घेऊन आपल्या खोलीत जात आणि बायकांची पत्रं माझ्या ताटाशेजारी ठेवली जात. आईसाहेबांच्या डोळ्यांवर चाळिशीनंतर सायीसारखं काहीतरी चढत गेलं होतं. त्यांना माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत. म्हणून आलेलं प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचायचं काम बाराव्या वर्षापासून माझ्या गळ्यात पडलं होतं.

अजूनही ते टेबल डोळ्यांसमोर येतं. वडिलांचा ओला कुत्रा पायाशी, मुरंब्याचा वास, मेणाच्या मोहरेचे तुकडे बशीत, आणि आईसाहेब मान एका बाजूला कलती करून ऐकताहेत. तशा सकाळी आता होणार नाहीत, आणि त्यांची आठवण आली की मला रडू येतं. या वयात त्याची लाज वाटत नाही.

पत्र मोठ्यानं वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. खरं कसब गाळण्यात आहे. माझी बहीण थिओडोसिया माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती कुठं पाहुणी गेली की लांबलचक पत्रं पाठवायची, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी आईसाहेबांनी ऐकण्याजोग्या नसायच्या. म्हणून आमची खूण ठरली होती. जी ओळ गाळायची तिच्यापुढं समासात बारीकशी फुली. फुली दिसली की मी दम न घेता पुढच्या ओळीवर उडी मारायची. उर्सुला आत्या देवळात घोरली, ही फुलीची ओळ. बिशपच्या बायकोचा टोप सूपमध्ये पडला, ही पण फुलीची. मी इतकी तरबेज झाले होते की आईसाहेब म्हणत, "लेटिस वाचते तेव्हा वाटतं, थिओच समोर बसून बोलतेय."

थिओ मला लेटिस म्हणायची नाही. ती मला 'चिमणे' म्हणायची, आणि तेही आम्ही दोघीच असताना. त्या नावानं मला दुसऱ्या कुणी कधी हाक मारली नाही.

तिच्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. तिची छाती लहानपणापासून नाजूक होती. हिवाळा लागला की खोकला ठरलेला. आणि ती डावा पाय किंचित घासत चालायची. लंगडी मुळीच नव्हे, नाचायची तर सगळ्यांत छान. पण तिच्या मोज्यांची डावी टाच महिन्याभरात विरायची, उजवी मात्र नवीकोरी. आईसाहेब ओरडतील म्हणून मी ते मोजे गुपचूप रफू करायची. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, दाईलासुद्धा नाही.

२

सन सतराशे एकसष्टच्या ऑक्टोबरात थिओ हॉल्मवॉटरला गेली. बॅरोनेट सर अँब्रोज मेरिक यांचं ते घर, पार पूर्वेला, दलदलीच्या मुलखात. त्यांची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. बाथ शहरात त्यांनी थिओला पाहिलं आणि त्यांच्या आईनं तिला महिनाभर राहायला बोलावलं. माणसं एकमेकांना पाहून घेतील, मग पुढचं ठरेल, असा रिवाज. सोबतीला उर्सुला आत्या गेली.

थिओ सव्वीस वर्षांची होती. आधीची दोन स्थळं हातातोंडाशी येऊन मोडली होती.

निघताना आईसाहेबांनी गाडीच्या दाराशी तिला बजावलं, "पोरी, नीट ऐक. बाकी काही लिही न लिही, खोली गरम आहे का ते लिही. थंडीचा एक शब्द जरी माझ्या कानावर आला, तर दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून तुला उचलून आणीन. मग तुझा तो बॅरोनेट गेला खड्ड्यात!"

"आईसाहेब, अजून तो माझा झालेला नाही," थिओ हसून म्हणाली.

"होईल गं. तू फक्त खोकू नकोस त्याच्यासमोर."

गाडीतून तिनं माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. माझा जीव त्या स्थळात का अडकला होता, हे तिला माहीत होतं. कॅप्टन ह्यू फॅरो दोन वर्षं माझ्यासाठी थांबला होता, आणि वडिलांचा एकच हेका होता: आधी थोरली, मग धाकटी. थिओचं जमलं तर माझं जमणार होतं.

दहा दिवसांनी पहिलं पत्र आलं. माणसं चांगली आहेत, सर अँब्रोज कमी बोलतात पण बोलतात ते ऐकावंसं वाटतं, त्यांच्या बहिणीला, बार्बराला, पत्त्यांत लबाडी करायची सवय आहे (इथं फुली). खोलीत मोठी शेकोटी आहे, बिछान्याचे पडदे निळे आहेत. आईसाहेबांची कळी खुलली.

कोरा भाग ठेवून पत्र पाठवणं आमच्यात उद्धटपणा समजतात. बाईचं पत्र लिहून झालं की ते टेबलाभोवती फिरतं आणि घरातली प्रत्येक बाई तळाशी आपली एक ओळ टाकते. पुरुष टाकत नाहीत. लग्न ठरलेलं नसताना तर मुळीच नाही. म्हणून मी तळाच्या ओळी वाचू लागले. उर्सुला आत्यानं मांसाचं कौतुक केलं होतं. सर अँब्रोजच्या आईनं, म्हाताऱ्या लेडी मेरिकनी, आईसाहेबांना नमस्कार लिहिला होता. बार्बरानं लिहिलं होतं की लेडी थिओडोसियामुळे घर जागं झालं.

त्याखाली चौथी ओळ होती. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. खाली सही नव्हती.

'लोकरीचे मोजे आणायला हवे होते. खोली थंड आहे.'

तिच्यापुढं फुली नव्हती.

मी थांबले. फार नाही, एक घोट चहा घेण्याइतकी. माझ्या मनात आईसाहेबांची गाडी दारात उभी राहिली, थिओ त्यातून उतरली, आणि मागं कुठंतरी ह्यू टोपी हातात घेऊन फाटकातून परत जाताना दिसला.

"झालं?" आईसाहेबांनी विचारलं.

"झालं, आईसाहेब."

पत्राची घडी घालताना माझ्या अंगठ्याला काळं लागलं. मी पाहिलं तर त्याच ओळीतला 'मोजे' हा शब्द फासला गेला होता. पत्र निघून पाच दिवस झाले होते आणि बाकीची शाई केव्हाच वाळून तपकिरी पडली होती. पिशवीत ओल लागली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि अंगठा रुमालाला पुसला.

३

मी थिओला लिहिलं की तळाशी चौथी ओळ कुणाची, आणि तुला थंडी वाजते का, खरं सांग. तिचं उत्तर आलं त्यात त्या मजकुरापुढं फुलीवर फुली होती.

'चिमणे, चेष्टा करू नकोस. टेबलावर आम्ही चौघीच. मी पत्र लिहिलं, बाकी तिघींनी एकेक ओळ लिहिली, मी स्वतः मोहोर लावली. चौथी ओळ कुठून येणार? आणि थंडी कसली, इतकी लाकडं जाळतात की मी घामाघूम होते. आईसाहेबांना काही बोलू नकोस हं, त्या लगेच गाडी जुंपतील. मला इथं आवडायला लागलंय. म्हणजे, ते आवडायला लागलेत. हे लिहिताना माझे कान लाल झालेत, तू हस खुशाल.'

मी हसले. आनंदानंच हसले. आणि मग तळाशी पाहिलं.

आत्या, म्हातारी, बार्बरा. त्याखाली तेच झुकलेलं अक्षर:

'बिछान्यामागची खिडकी विटांनी बुजवलेली आहे. वारा तिथूनच येतो.'

खिडक्यांवरच्या करापायी आमच्याकडेही सात खिडक्या बुजवल्या होत्या. पण बुजवलेल्या खिडकीतून वारा येत नाही, एवढं मलाही कळतं.

मी देवभोळी नाही, तेव्हाही नव्हते. पत्र घेऊन मी उजेडात गेले आणि नीट विचार केला. हे बार्बराचं काम. भावाची बायको आली की घराच्या किल्ल्या हातातून जातील, म्हणून नव्या पोरीच्या माहेरी भीती घालतेय. पत्त्यांत लबाडी करणारी बाई, तिला हे काय अवघड? तिची ओळ आणि ही ओळ मी शेजारीशेजारी धरून पाहिल्या. बार्बराचं अक्षर ढोबळ आणि गोल. हे अक्षर नखानं ओढल्यासारखं. तरी म्हटलं, माणूस अक्षर बदलू शकतो. माझ्या शंकेला मी असं झोपवलं.

पण बोट टेकवून पाहायचा मोह आवरला नाही. शाई ओलीच होती. आणि कागदाचा तेवढाच भाग गार होता, तळघराच्या दगडासारखा.

आईसाहेब दारातून म्हणाल्या, "काय गं, एकटीच काय वाचतेस? मला वाच की."

मी वाचलं. तीन ओळींपर्यंत.

४

नोव्हेंबरच्या शेवटी तिसरं पत्र आलं. सर अँब्रोजनी मागणी घातली होती आणि थिओनं आईवडिलांच्या मर्जीवर सोडलं होतं. पण पत्रातली प्रत्येक ओळ हो म्हणत होती. मी वाचत होते आणि आईसाहेब रुमाल शोधत होत्या.

"तळाशी काय लिहिलंय?"

आत्यानं लिहिलं होतं की आता सुखानं मरायला हरकत नाही. लेडी मेरिकनी लिहिलं होतं की मुलीसारखी सांभाळू. बार्बरानं लिहिलं होतं, 'मी किल्ल्या पुसून ठेवल्या आहेत.' त्या ओळीत इतका साधा आनंद होता की बार्बरावरचा माझा संशय तिथल्या तिथं विरला. तो विरायला नको होता. कारण मग खालची ओळ कुणाची, याला माझ्याजवळ उत्तर उरलं नाही.

'तिच्या डाव्या टाचेला भोक पडलं आहे. इथं रफू करणारं कुणी नाही.'

ही गोष्ट जगात दोघींना माहीत होती.

आईसाहेब ऐकत होत्या, मान कलती करून. मग त्या सावकाश म्हणाल्या, "लेटिस, थंडीबद्दल काही लिहिलंय का गं तिनं? कुठंही? मला उगीच वाटतंय."

त्या वेळी मी ओळ नुसती गाळली नाही. सरळ खोटं बोलले.

"नाही, आईसाहेब. खोली उबदार आहे म्हणते."

"बरं. मग वडिलांना म्हणावं, लिहा होकार."

दुपारी मी कात्रीनं पत्राचा तळ कापला आणि शेकोटीत टाकला. कागदाची ती पट्टी पेटायला फार वेळ लागला. आधी तिच्यातून वाफ निघाली.

फेब्रुवारीत लग्न झालं. मार्चमध्ये ह्यूची पलटण जहाजावर चढली आणि तो हवानाच्या वेढ्यात तापानं वारला. ज्याच्यासाठी मी हे केलं, तो थिओच्या लग्नाचा केकसुद्धा धड खाऊ शकला नाही. बोटीची घाई होती.

५

लग्नानंतरच्या पत्रांत चौथी ओळ कधी आली नाही. मी दर वेळी आधी तळ पाही आणि मग वर जाई. आत्या परत आली होती, म्हणून तळाशी दोनच ओळी असत, म्हातारीची आणि बार्बराची. मला हायसं वाटे. पुढं थिओला मुलगी झाली, सेलिना. त्या पत्रात फुल्याच फुल्या होत्या आणि मी त्या सगळ्या वाचून पोट धरून हसले.

दुसऱ्या हिवाळ्यात तिची पत्रं आखूड झाली. मग फुल्या बंद झाल्या. चौसष्टच्या जानेवारीत बार्बराचं पत्र आलं की लगेच या.

पाच दिवसांनी मी हॉल्मवॉटरला पोचले, भर दुपारी. ऊन होतं. बार्बरा मला जिन्यानं वर घेऊन गेली. ती खोली मी पाहिल्याबरोबर ओळखली, निळ्या पडद्यांवरून. शेकोटीत अख्खा ओंडका जळत होता, दासीच्या कपाळावर घाम होता. आणि बिछान्याजवळ गेले तसा माझा श्वास माझ्यासमोर पांढरा दिसू लागला.

थिओ उशांवर टेकून बसली होती. इतकी बारीक झाली होती की मी आधी तिच्या केसांना ओळखलं.

"चिमणे," ती म्हणाली, "मोजे आणलेस?"

मी वाइन आणली होती, जेली आणली होती, बाळासाठी लेस आणली होती. आईसाहेबांची शाल आणली होती.

"मोजे नाही आणले गं. आत्ता मागवते. आत्ता!"

"राहू दे," ती म्हणाली. "तिच्याकडेपण नाहीत."

"कुणाकडे?"

तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले. बार्बरा खुर्चीवर बसली होती. म्हातारी लेडी मेरिक शेकोटीपाशी जपमाळेसारखी बटणं चाळवत बसली होती. दासी दारात उभी होती. आम्ही सगळ्या स्थिर होतो. आणि बिछान्याच्या पलीकडे, पडदा आणि बुजवलेली खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, कुणीतरी अनवाणी फळ्यांवरून चालत होतं. चार पावलं जाऊन थांबायचं, वळायचं, पुन्हा चार पावलं. थंडीत पाय गरम ठेवायला माणूस चालतं तसं.

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"जुनं लाकूड आहे," ती म्हणाली. "वाजतं."

मी पडदा बाजूला करायला हात उचलला. पडद्याच्या खालच्या कडेशी, फळीवर, ओलसर ठसा होता, पाचही बोटांचा, बाईच्या पावलाचा. मी पाहत असताना त्याच्या पुढं दुसरा उमटला. माझा हात तसाच खाली आला. पडदा मी उघडला नाही, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

दिवस मावळायच्या आत थिओ गेली. तिचा हात हातातून सोडवत असताना मला पलीकडचा आवाज पुन्हा ऐकू आला. आता त्यात दोन प्रकारची पावलं होती. एक हलकं. आणि दुसरं, डावा पाय किंचित घासत.

बाळ घेऊन मी तिसऱ्या दिवशी निघाले. सर अँब्रोजनी हरकत घेतली नाही. ते खिडकीत पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. चांगला माणूस होता. मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही.

६

सेलिना माझ्याकडेच वाढली. चालायला, बोलायला, लिहायला मीच शिकवलं. आईसाहेब गेल्या, वडील गेले, आणि चाळिशी उलटल्यावर ती साय माझ्याही डोळ्यांवर चढू लागली. आता टपाल आलं की सेलिना वाचते आणि मी मान कलती करून ऐकते. तिचा आवाज थिओचा आहे. काही सकाळी मी मुद्दाम डोळे मिटून घेते आणि स्वतःला फसवते. मग ती म्हणते, "मावशी, झोपलीस का? मी काय भिंतीला वाचून दाखवतेय?"

गेल्या ऑगस्टात हॉल्मवॉटरहून पत्र आलं. सर अँब्रोज थकले होते, लेकीला हिवाळाभर जवळ ठेवावं असं त्यांना वाटत होतं. शेजारच्या इस्टेटीतला धाकटा रॉलिन्सनही ख्रिसमसला तिथं येणार होता. हा पोरगा सेलिनाला बाथला भेटला होता आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव दिवसातून सहा वेळा काही ना काही निमित्तानं निघायचं.

पत्र बार्बराच्या हातचं होतं. सेलिनानं ते आनंदानं, गडबडीनं वाचलं. तुझ्या आईची खोली तुझ्यासाठी उघडून, झाडून घेतली आहे, असं त्यात होतं. माझ्या हातातली सुई थांबली.

"तळाशी?" मी विचारलं.

"घरकारभारणीचा नमस्कार आहे," ती म्हणाली. आणि मग थांबली. एक घोट चहा घेण्याइतकी.

"झालं?"

"झालं, मावशी."

तो थांबा माझ्या कानांत अजून आहे. चोवीस वर्षांपूर्वी तोच थांबा मी घेतला होता, त्याच टेबलावर. आणि त्या क्षणी मला कळलं की आईसाहेबांनी तो ऐकला होता. आंधळं होत चाललेलं माणूस असा थांबा कधी चुकवत नाही. त्यांनाही थिओचं लग्न हवं होतं. म्हणून त्यांनी 'झालं?' विचारलं आणि 'झालं' ऐकून घेतलं. मी आयुष्यभर हे पाप एकटीचं समजत आले होते.

"सेलिना," मी म्हटलं, "तू गाळलंस काहीतरी."

"नाही गं."

"पोरी, या धंद्यात मी तुझी गुरू आहे. वाच."

ती चिडून म्हणाली, "तू मला जाऊ देणार नाहीस, म्हणून नाही वाचलं! काहीतरी वेडंवाकडं कुणीतरी लिहिलंय. थंडीबिंडीचं. सही पण नाही. तेवढ्यावरून तू म्हणशील, राहा घरी."

"वाच."

"'लोकरीचे मोजे आण. खोली थंड आहे.'" तिनं भरभर वाचलं. "बस, झालं समाधान?"

"अजून आहे."

"ते मला कळलंच नाही, मावशी."

"तरी वाच."

"'चिमणे, या वेळी मोठ्यानं वाच.'" ती थांबली. "चिमणी कोण?"

मी कागदाकडे हात पुढं केला. तिनं घाबरून माझा हात धरला.

"अक्षर कसं आहे?" मी कसंबसं विचारलं. "डावीकडे झुकलेलं?"

"नाही. सरळ आहे, छान आहे. अगदी माझ्यासारखं." ती जरा हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तुझ्यासारखं. तूच तर शिकवलंस मला."

मला थिओनं शिकवलं होतं.

"हात लाव त्याला," मी म्हटलं. तिनं लावला आणि झटकन मागं घेतला. तिचं बोट मी माझ्या हातात घेतलं. ते ओलं होतं आणि बर्फासारखं गार.

७

मी तिला सगळं सांगितलं. फुल्यांपासून कात्रीपर्यंत. ती ऐकत होती, रडत नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तू वाचलं असतंस, तर आई आज असती?"

"असती. असं मला वाटतं."

"आणि मी नसते."

याचा विचार मी कधी केला नव्हता. चोवीस वर्षांत नाही. आम्ही दोघी हात धरून बसलो. चहा गार झाला आणि कुणी नवा मागवला नाही.

सेलिना हॉल्मवॉटरला गेली नाही. वडिलांना तिनं स्वतः पत्र लिहिलं की माझी छाती आईची आहे, तुम्हीच इकडे या. ते आले, आणि ख्रिसमसला धाकटा रॉलिन्सनही आला. त्यानं कुत्र्याला लाथ मारली नाही, माझ्या पायाला उशी आणून दिली आणि सेलिनाच्या पत्त्यांतल्या लबाडीकडे काणाडोळा केला. ती सवय तिला नक्की बार्बराकडून रक्तातच आली आहे. जूनमध्ये लग्न आहे.

पण सप्टेंबरात मी आणखी एक गोष्ट केली. जाड लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड विणले. डोळे चालत नाहीत, पण बोटं चालतात. दोन्ही जोड बांधून बार्बराला पाठवले आणि लिहिलं की निळ्या पडद्यांच्या खोलीत बिछान्यामागं ठेवून दे, का ते विचारू नकोस, आणि दाराला कुलूप लाव. एक जोड थिओसाठी. दुसरा, सर अँब्रोजच्या पहिल्या बायकोसाठी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आता बार्बराला विचारलं तर ती म्हणते, सांगते, पण सांगत नाही.

परवा मंगळवारी हॉल्मवॉटरहून पुडकं आलं. सोबत घरकारभारणीची चिठ्ठी होती, सेलिनानं ती वाचली. या वेळी तिनं कुठंही थांबा घेतला नाही. 'खोली हवा खेळवायला उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. दोन जोडांपैकी एकच सापडला. तो वापरलेला दिसतो. घरात कुणी कबूल होत नाही, म्हणून परत पाठवते. चूकभूल माफ असावी.'

"तळाशी काही?" मी विचारलं.

"काही नाही, मावशी. खरंच काही नाही. हवं तर हात फिरवून बघ."

मी हात फिरवला. कागद कोरडा आणि ऊबदार होता.

मग तिनं मोजे माझ्या मांडीवर ठेवले. मी आधी उजवा चाचपला. तळव्याला जरा लोकर दबलेली होती, बाकी मी विणला तसा होता. मग मी डाव्यात हात घातला, पंजा बोटांपर्यंत सरकवला आणि मागं टाचेकडे आणला. तिथं माझा अंगठा आरपार बाहेर आला.

सेलिनानं उठून माझी सुई आणि त्याच रंगाची लोकर आणून दिली. रफू आजच्या आज संपवायचं आहे, म्हणजे शुक्रवारच्या टपालानं मोजे परत पाठवता येतील.